मराठीत एकट्याच तुम्ही

डोक्याला तेल लावून येऊ नका, हे डॉक्टर प्राणेशांनी तिला दोनदा सांगितलं. बाकी त्यांनी जे समजावलं त्यातलं आसावरीच्या फारसं लक्षात राहिलं नाही. नैराश्यावर एक अभ्यास चालू आहे, मेंदूत रक्त कसं खेळतं ते प्रकाशाने मोजायचं, सुई नाही, कसलं बोगद्यासारखं मशीन नाही, दुखणार नाही. तीनदा यायचं. एकदा औषध बदलायच्या आधी, मग दीड महिन्याने, मग पुन्हा तेवढ्याच दिवसांनी. नाही म्हणालात तरी उपचार तसेच चालू राहतील, असंही ते म्हणाले. आसावरीने हो म्हटलं. नाही म्हणायचं तर काहीतरी कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण शोधण्याएवढं बळ त्या दिवसांत तिच्यात नव्हतं.

ती सत्तावन्न वर्षांची होती. राजाजीनगरात वडिलांनी बांधलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर एकटी राहायची. खालच्या मजल्यावर विमला आणि तिचा नवरा भाड्याने राहत. विमला ब्लाउज शिवायची आणि तिच्या मशीनचा आवाज दिवसभर जिन्यातून वर यायचा. आसावरीचे वडील साताऱ्याहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. ती जन्मली, शिकली ती बंगळुरूतच. मग एका शाळेत भूगोल शिकवत राहिली. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर आईला तिनेच सांभाळलं. दोन वर्षांपूर्वी आईही गेली. धाकटा भाऊ अजित टोरांटोला होता. तो रविवारी फोन करायचा, पण चार वाक्यं झाली की त्याची मराठी इंग्रजीत शिरायची आणि पुन्हा बाहेर यायची नाही.

शाळेत इंग्रजी, बाजारात कन्नड आणि घरी आईशी मराठी, असं तिचं आयुष्यभर चाललं होतं. आई गेल्यावर मराठी बोलायला कोणी उरलं नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं नाही. पहिले काही महिने कागदपत्रांत, आलेल्या-गेलेल्यांत निघून गेले. नंतर मात्र सकाळी ती चहा करून खिडकीशी बसायची आणि बसूनच राहायची. चहावर साय धरायची. ऊन खिडकीतून भिंतीवर जायचं आणि भिंतीवरून नाहीसं व्हायचं. रडू येत नव्हतं. कोणी यावं असंही वाटत नव्हतं. वर्गात एकदा ती नकाशापुढे उभी राहिली आणि तिला पुढचं वाक्यच सापडेना. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. त्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला आपल्या खोलीत बसवून डॉक्टर प्राणेशांना फोन लावला आणि तिला लांब रजेवर पाठवलं.

प्रयोगाची खोली हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत होती. पडदे ओढलेले होते, एकच मंद दिवा जळत होता. योगीराज नावाचे पन्नाशीचे तंत्रज्ञ तिथे काम करायचे. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "मातृभाषा कोणती, मॅडम? चाचणी त्याच भाषेत घ्यायची असते."

"मराठी."

योगीराजांनी मान वर केली. "मराठी? सरी, ठीक आहे. मग थांबा स्वल्प, जरासं." ते बाहेर गेले आणि एका मुलीला घेऊन आले. पंचविशीची, चष्मा लावलेली, ओढणी कमरेला गुंडाळलेली.

"नमस्कार! मी शमिका, पुण्याची. मराठी बोलणारं कोणी आलंय म्हणून सरांनी मला डेटा सोडून उठवलं." ती हसली. "तुम्हाला काकू म्हटलं तर चालेल ना? तुमचं नाव मला कळू द्यायचं नसतं. माझ्याकडे फक्त तुमचा नंबर आहे."

"चालेल."

"मराठीत एकट्याच तुम्ही. बाकी सगळे कन्नड, तमिळ, तेलुगू. दोघं-तिघं हिंदी."

शमिकाने टेबलावरची टोपी उचलून तिला दाखवली. काळ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची टोपी, तिच्यावर ओळीने छोट्या गोल खाचा. प्रत्येक खाचेत एकेक वायर बसवायची. काही वायरींच्या टोकातून प्रकाश निघणार, काही परत आलेला प्रकाश टिपणार.

"कोविडमध्ये बोटाला क्लिप लावायचे ना, ऑक्सिजन बघायला? सेम तसंच आहे. फक्त बोटाऐवजी डोकं. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण हाडातून थोडासा आत जातो. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त येतं. मग परत येणारा प्रकाश बदलतो. तेवढं आम्ही मोजतो."

"त्यात विचार दिसतात?"

"छे हो काकू. रक्त दिसतं. तेही खूप गोष्टी जमून आल्या तर."

जमून यायला सगळ्यांत मोठी अडचण केसांची होती. काळे, दाट केस प्रकाश अडवतात. कपाळावरचं काम लगेच झालं, पण वर आणि कानांच्या बाजूंना प्रत्येक खाचेखालचे केस बाजूला करून कातडी उघडी करावी लागत होती. आसावरीचे केस अर्धे पिकले असले तरी अजून चांगले दाट होते. शमिका तिच्या मागे उभी राहिली. एका हातात लहानसा टॉर्च आणि दुसऱ्या हातात बारीक लाकडी काडी घेऊन ती एकेक बट सोडवायला लागली.

"ओढलं जातंय का?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

आसावरीने डोळे मिटले. आईचे केस ती शेवटपर्यंत रोज विंचरायची. तिच्या स्वतःच्या डोक्याला कोणाचा हात लागून किती वर्षं झाली असतील, ते तिला आठवेना. ही बोटं तिच्या नात्यातल्या कोणाची नव्हती. ती फक्त काम करत होती, पण नीट करत होती, घाई न करता. एखादी बट पुन्हा पुन्हा खाचेवर यायची तेव्हा शमिका पुटपुटायची, "अगं बाई, बस ना तिकडे," आणि ते आसावरीला आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटायचं. टोपी बसायला बराच वेळ लागला. तो आणखी लागावा असं आसावरीला वाटलं. कितीतरी महिन्यांनी तिला काहीतरी हवंसं वाटलं होतं.

"आता काम सोपं आहे," शमिका समोर येऊन म्हणाली. "मी थांबा म्हणेपर्यंत 'अ, आ, इ, ई' असं म्हणत राहायचं. मग मी एक अक्षर देईन. त्या अक्षरापासून जेवढे सुचतील तेवढे शब्द सांगायचे. माणसांची नावं नकोत, गावांची नकोत. मान हलवू नका."

अ, आ, इ, ई. अ, आ, इ, ई. आसावरी शाळेतल्या लहान मुलीसारखी म्हणत राहिली.

"क," शमिका म्हणाली.

"कपाट," आसावरी म्हणाली. "काकडी." मग पुढे काही येईना. डोक्यात शब्द नव्हते असं नाही, पण ते लांब कुठेतरी, बंद खोलीत सामान असावं तसे होते. पंख्याचा आवाज येत होता. "कडलेकाई," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "कात्री."

"थांबा. अ, आ, इ, ई म्हणा."

सगळी अक्षरं झाली. टोपी काढताना शमिकाने विचारलं, "काकू, ते तिसरं काय म्हणालात? कडले..."

"कडलेकाई. शेंगदाणे."

"पण तो कन्नड शब्द झाला ना?"

"आमच्याकडे तसंच म्हणतात. आई पण म्हणायची. कडलेकाईची चटणी."

शमिका पेन हातात धरून विचारात पडली. कॉम्प्युटरजवळून योगीराज मोठ्याने हसले. "आमची भाषा! मार्क द्या त्यांना."

"पण मराठी शब्दच मोजायचेत, सर."

"आमच्या घरात तो मराठीच शब्द आहे," आसावरी म्हणाली. तिचा आवाज एकदम शाळेतला, फळ्यापुढचा निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं.

शमिकाने तिच्याकडे पाहिलं. "सरी," ती म्हणाली. "दिला."

परत येताना मेट्रोत तिला जागा मिळाली. गाडी पुलावरून जात होती, खाली गच्च्यांवर कपडे वाळत होते. आपण आज कोणाशी तरी मराठीत वाद घातला, एवढंच तिच्या मनात राहून राहून येत होतं. घरी येऊन तिने चहा केला आणि गरम असताना प्यायली.

दुसऱ्या दिवसापासून नवीन गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात तिने फक्त झोप आणली. पण त्या आठवड्यातच आसावरीच्या डोक्यात एक गोष्ट बसली. पुढच्या वेळी आपल्याला शब्द आले पाहिजेत. त्या मुलीपुढे असं पंख्याचा आवाज ऐकत बसायचं नाही. भूगोलाच्या बाईंना परीक्षेची तयारी कशी करायची ते माहीत होतं. तिने स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. एकेका वस्तूला हात लावायचा आणि तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. पळी. परात. पोळपाट. पंचपाळं. चिमटा. चाळण. सांडशी. आई ज्या वस्तूला जे म्हणायची तेच नाव. मग ती माळ्यावर चढली आणि तिथली खोकी उघडून बसली. मग गच्चीवर. हातात नाव असलं की पुढचं नाव आपोआप यायचं, आणि त्याच्यामागून एखादं आईचं अख्खं वाक्य. "अगं, ती रोवळी उपडी घाल, पाणी राहतं तिच्यात." हेही ती मोठ्याने म्हणायची. घरात तिचा आवाज फिरायला लागला.

एकदा दुपारी विमला जिना चढून वर आली. तिच्या गळ्यात मोजायची टेप होती. दारातूनच तिने आत डोकावून पाहिलं. "अक्का, यार जोते माताडतिद्दीरा? कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही. अभ्यास करतेय."

"अभ्यास?"

"हॉस्पिटलची परीक्षा आहे माझी."

विमलाने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. मग "जेवलात ना?" असं विचारून, उत्तराची वाट न पाहता खाली गेली. तिच्या चेहऱ्यावरची काळजी आसावरीला दिसली. विमला खाली जाऊन नवऱ्याला काय सांगणार तेही तिला कळलं. तरीही संध्याकाळी तिने 'स'पासून सुरू होणारे शब्द म्हटलेच, फक्त खिडकी लावून घेतली.

दीड महिन्याने ती पुन्हा त्या खुर्चीत बसली. केस आदल्या दिवशी धुतले होते. शमिका मागे उभी राहून बटा सोडवत होती आणि आज बोलत होती. ती जयनगरजवळ एका पीजीत राहायची. तिघी जणी एका खोलीत, पण बाकी दोघी रात्रपाळीच्या, त्यामुळे तिघींची कधी भेटच होत नाही. जेवायला रोज भात. "काकू, इथे ज्वारीचं पीठ कुठे मिळतं हो? आणि थालीपिठाची भाजणी?"

"भाजणी विकत कशाला? मी करते. ये ना घरी जेवायला." शब्द तोंडातून निघून गेले तेव्हा आसावरीला जाणवलं की तिने दोन वर्षांत कोणाला घरी बोलावलं नव्हतं.

शमिकाची बोटं थांबली. "नाही येता येणार, काकू. म्हणजे मला आवडलं असतं. पण अभ्यास चालू असेपर्यंत भाग घेणाऱ्यांशी बाहेर संबंध ठेवायचा नाही, असा नियम आहे."

"आणि संपल्यावर?"

"संपल्यावर काय, येईन की. तुमची एकच फेरी राहिलीये." तिने पुढची बट बाजूला केली.

मग अ, आ, इ, ई. मग शमिका म्हणाली, "प."

"पळी, परात, पोळपाट, पंचपाळं, पाटा, पोहे, पापड, पडवळ, पाखडणं, पन्हळ, पायरी, पागोळी..." आसावरी थांबलीच नाही. शमिका लिहिता लिहिता मागे पडली. पुढची अक्षरंही तशीच गेली. योगीराजांनी कॉम्प्युटरवरून मान वर करून अंगठा दाखवला.

"काकू!" टोपी काढायच्या आधीच शमिका म्हणाली. "किती फरक आहे! औषधाने मस्त काम केलंय. आणि सिग्नल पण इतका स्वच्छ आलाय..."

तिचा चेहरा इतका उजळला होता की आसावरीला तिथेच थांबावंसं वाटलं. पण ते औषधाचं नव्हतं, निदान सगळं नव्हतं, आणि ती मुलगी ते औषधाच्या नावावर लिहिणार होती.

"मी पाठ केले," आसावरी म्हणाली.

"काय?"

"शब्द. गेला महिनाभर रोज. सगळ्या अक्षरांचे."

शमिकाने चष्मा काढून ओढणीला पुसला. "रोज?"

"घरातल्या वस्तूंना हात लावून. मोठ्याने."

"अहो काकू..." शमिका खुर्ची ओढून बसली. ती रागावली नव्हती, पण तिचा चेहरा थकल्यासारखा झाला. "पाठ केलेलं म्हणायला मेंदू वेगळं काम करतो, आणि शोधून काढायला वेगळं. आम्हाला शोधताना बघायचं असतं. आता हे ठेवायचं की सोडून द्यायचं ते वरचे लोक ठरवतील. मला लिहावं लागेल."

"लिही ना. म्हणून तर सांगितलं."

"का पाठ केलंत पण?"

आसावरीला खरं उत्तर माहीत होतं. तुला बरं वाटावं म्हणून. पण सत्तावन्न वर्षांच्या बाईने पंचविशीतल्या मुलीला हे सांगायचं कसं? "शिक्षिका आहे मी," ती म्हणाली. "सवय."

शमिका हसली, पण थोडंच. "पुढच्या वेळी अजिबात तयारी नको. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

त्या दिवशी मेट्रोत तिला वाटत राहिलं की आपण काहीतरी मोडून आलो. घरी आल्यावर तिने पळीला हात लावला आणि तोंड मिटून घेतलं. पुढचा दीड महिना तिने शब्द पाळला. वस्तूंची नावं घेतली नाहीत. घर पुन्हा गप्प झालं. पण आता ती शांतता तिला ऐकू येत होती. पूर्वी ती त्या शांततेत बुडून बसायची, आता ती तिच्यापासून उठून दुसऱ्या खोलीत जायची, तर तिथेही तीच असायची. मध्ये एका रविवारी अजितचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "अज्या, थोडं मराठीत बोल ना." तो हसला, "हो हो, सॉरी," म्हणाला आणि मग दोघांनाही काय बोलावं ते सुचेना.

तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी तिने तांदूळ, ज्वारी, चण्याची डाळ, उडीद, धणे भाजले. खाली विमलाने मशीन थांबवून जिन्यातून हाक मारली, "अक्का, काय छान वास!" गिरणीतून दळून आणलेली भाजणी आसावरीने स्टीलच्या डब्यात भरली. घरी यायचं राहू दे, अभ्यास संपल्यावर बघू. डबा द्यायला तर कोणी अडवणार नाही.

खोलीत एकटे योगीराज होते. त्यांनी टोपी आधीच तयार ठेवली होती.

"शमिका?"

"ती गेली ना, मॅडम. मागच्या पंधरवड्यात. तिला जर्मनीत पीएचडी मिळाली, अचानक बोलावणं आलं. खूप हुशार मुलगी." योगीराजांनी कन्नडमध्ये हे अभिमानाने सांगितलं. मग त्यांची नजर तिच्या हातातल्या डब्याकडे गेली. "जाताना म्हणाली, सगळ्या पेशंट्सना माझे थँक्स सांगा."

"सगळ्यांना."

"हो, सगळ्यांना."

आसावरी खुर्चीत बसली. योगीराजांची बोटं जाड होती पण हलकी होती. केस बाजूला करताना प्रत्येक खाच झाली की ते हळूच "हां" म्हणायचे. तिला काहीच वाटलं नाही, म्हणजे वाईटही वाटलं नाही. एक माणूस आपलं काम करत होता.

"चाचणी मराठीत कशी घेणार?" तिने विचारलं.

"रेकॉर्ड करून गेली आहे ती." योगीराजांनी एक बटण दाबलं.

स्पीकरमधून खरखर आली, आणि मग शमिकाचा आवाज, जरा औपचारिक, रेडिओवर बोलल्यासारखा. "नमस्कार. आरामात बसा. मान हलवू नका. आता अ, आ, इ, ई म्हणायला सुरुवात करा."

आसावरीने सुरुवात केली. समोर भिंत होती, भिंतीवर एक स्विचबोर्ड.

"थांबा. आता 'म'पासून सुरू होणारे शब्द सांगा."

"माठ," आसावरी म्हणाली. "मूठ. मोगरा." शब्द शोधावे लागत होते, पण शोधले की सापडत होते. "माती. मान्सून. मैदान." मग एक मोकळी जागा आली. ती त्या जागेत थांबली, घाबरली नाही. "माणूस," ती म्हणाली. "मुक्काम. मध."

आणखी दोन अक्षरं झाली. शेवटचं 'अ, आ, इ, ई' झालं. स्पीकरमध्ये पुन्हा खरखर झाली, आणि तो रेडिओचा सूर अचानक सुटून शमिकाचा नेहमीचा, घाईतला, जवळचा आवाज आला. "झालं, काकू. दमलात का?"

मग टक्क करून बंद.

आसावरीने मान वळवली. वायर ताणली गेली. "हे सगळ्यांना असंच म्हणते?"

योगीराज वायरी सोडवत होते. "मराठी रेकॉर्डिंग तुमच्यासाठीच केलं होतं, मॅडम. दुसरं कोणी नाहीच ना मराठीत."

"पुन्हा एकदा लावता का? शेवटचं?"

त्यांनी लावलं. ती ऐकत असताना ते पाठमोरे उभे राहून टोपी पुसत राहिले.

जायच्या आधी योगीराजांनी तिला पडद्यावर तिची रेघ दाखवली. अक्षर दिलं तिथून एक लाल रेघ हळूहळू वर चढली होती आणि मग सावकाश खाली उतरली होती. "हे ऑक्सिजनवालं रक्त. रेघ चांगली चढली आहे."

"म्हणजे मी बरी झाले?"

"ते डॉक्टर सांगतील. एकाच्या रेघेवरून आम्हाला काही सांगता येत नाही. सगळ्यांच्या रेघा एकत्र केल्या की मग काहीतरी बोलतात त्या."

"बाकीचे कोण आहेत?"

"ते सांगायचं नसतं, मॅडम."

तिने डबा टेबलावर ठेवला. योगीराजांनी झाकण उघडून वास घेतला. "हे काय पीठ आहे?"

"भाजणी. कांदा, कोथिंबीर घालायची, पाणी घालून भिजवायची आणि तव्यावर हाताने थापायची. मध्ये भोक पाडून तेल सोडायचं."

"आमच्या तांदळाच्या अक्की रोट्टीसारखं."

"हो. तसंच."

"बायकोला सांगतो," ते म्हणाले आणि त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

आठवड्याने डॉक्टर प्राणेशांनी तिला नेहमीचे प्रश्न विचारले आणि उत्तरांवर समाधानाने मान डोलावली. झोप सुधारली होती, वजन वाढलं होतं. औषध मात्र वर्षभर चालू ठेवायचं. दुसऱ्या फेरीची नोंद हिशेबातून काढावी लागली, पण बाकीच्या दोन ठेवल्या, हेही त्यांनी सांगितलं.

"मग आता बरं वाटतंय?"

आसावरीने विचार केला. "आधी मला कोणीच नको होतं, डॉक्टर. आता कोणीतरी हवंसं वाटतं. आणि कोणी नाहीये."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "यावर माझ्याकडे गोळी नाही. पण तुम्ही हे सांगताय, ते मला चांगलं वाटतंय."

शनिवारी सकाळी ती जिना उतरून खाली गेली. विमला दारात चपला घालत होती. दर महिन्याला ती यशवंतपूरच्या बाजारातून घाऊक कांदा-लसूण आणायची, हे आसावरीला कित्येक वर्षांपासून माहीत होतं.

"मी पण येऊ का?"

विमलाने वर पाहिलं. तिच्या तोंडात टाचणी होती, ती तिने काढून ब्लाउजच्या खांद्याला खोचली. "तुम्हाला तिथे गर्दीत जमेल, अक्का?"

"बघू."

ऑटोत विमला सारखी बोलत होती. होसकोटेच्या कारखान्यात लागलेल्या मुलीबद्दल, जावयाच्या आईबद्दल, हुकांच्या वाढलेल्या भावाबद्दल. आसावरी ऐकत राहिली. मध्ये तिने एक प्रश्न विचारला आणि विमलाने त्याचं इतकं लांब उत्तर दिलं की बाजार आला. गोण्यांच्या रांगांमधून वाट काढताना विमलाने एकदा मागे वळून ती येते आहे ना ते पाहिलं. व्यापाऱ्याने आसावरीकडे मान करून विचारलं, ह्या कोण?

"नम्म ओनर," विमला म्हणाली. आमच्या ओनर.

आसावरीला ते कुठेतरी टोचलं, पण खोटं तर नव्हतं. इतकी वर्षं ती विमलासाठी तेवढीच होती. आणि तिनेही कधी आणखी काही होण्याची तसदी घेतली नव्हती.

व्यापारी पूर्ण गोणीखेरीज द्यायला तयार नव्हता. एकट्या बाईला एवढे कांदे काय करायचे? "दोघींत वाटून घेऊ," विमला म्हणाली आणि तिने भाव पाडायला सुरुवात केली.

घरी आल्यावर त्यांनी विमलाच्या ओट्यावर बसून कांदे वाटले. मोठे, लहान, पात फुटलेले. फार काही बोलणं झालं नाही. विमलाला दोन ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. आसावरी आपली पिशवी दोन्ही हातांनी धरून, मध्ये एकदा पायरीवर टेकत वर आली. स्वयंपाकघरात जुन्या वर्तमानपत्रावर तिने कांदे पसरले. घर शांत होतं. खाली मशीन सुरू झालं आणि बराच वेळ चालू राहिलं.

मग ते थांबलं. जिन्यातून विमलाची हाक आली, "अक्का! तुमचा लसूण इथेच राहिला!"

"बंदे, आलेच," आसावरी म्हणाली, आणि हात पुसत खाली निघाली.